तुटक्या दाताची शिट्टी

मी अकरा वर्षांची असताना शाळेतल्या सिस्टर इमॅक्युलाटांनी मला एक वही दिली आणि म्हणाल्या, "मोना, दिवसाला निदान तीन ओळी. आणि खोटं एक अक्षर नाही." तेव्हापासून आज ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत मी रोज लिहिते. वारा कुठला, पाऊस किती, कोंबड्यांनी अंडी किती घातली, कोण आलं, कोण गेलं. एकाहत्तर वह्या झाल्या. त्यांत एक ओळ खोटी आहे, २० जानेवारी १९५९ची. ती मला खोडायची आहे. पण नुसती खोडली तर लॅकीबद्दल कुणाला काही कळणार नाही, म्हणून आधी लॅकी.

लॅकी मॅकास्किल आमचा मेंढपाळ. १९२४ साली माझ्या सासऱ्यांनी त्याला आमच्या देशाच्या दक्षिणेकडच्या बेटावरून सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. एक पिशवी आणि एक कुत्रा घेऊन तो आला आणि त्रेचाळीस वर्षं राहिला. माझा नवरा डेस तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला घोड्यावर पुढ्यात बसवून लॅकीनंच सगळे डोंगर दाखवले. मी लग्न होऊन आले त्या दिवशी तो लोकर कातरायच्या शेडच्या दारात हॅट हातात धरून उभा होता. म्हणाला, "मिसेस, इथला वारा अंगावर येतो, पण चावत नाही." पुढची बावीस वर्षं मी त्याची 'मिसेस'च राहिले.

शेडमागे त्याची एका खोलीची झोपडी होती. एक खाट, एक चूल, खिडकीत एक जिरेनियम. लग्न त्यानं केलं नाही. दर रविवारी तो तिकडच्या ड्युनेडिन शहरातल्या बहिणीला पत्र लिहायचा. त्यात काय असायचं देव जाणे, कारण महिन्याकाठी शंभर शब्दसुद्धा तो बोलत नसे. त्याचं सगळं बोलणं कुत्र्यांशी, आणि तेही शिट्टीनं.

ती शिट्टी कशी होती ते सांगते. दोन बोटं जिभेखाली घालून मारायचा. आवाज पाच, अर्थ पाच: डावीकडून जा, उजवीकडून जा, पुढे चल, थांब, परत ये. 'थांब' म्हणजे एक लांब सूर, शेवटी खाली उतरणारा. आणि प्रत्येक सुराच्या शेपटाला एक बारीक थरथर असे, उकळत्या किटलीचं झाकण हलावं तशी. तरुणपणी घोड्याच्या लाथेनं त्याचा वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता, त्या फटीतून ती थरथर यायची. डेसनं लहानपणापासून नक्कल करून पाहिली, शेजारच्या मळ्यांवरच्या माणसांनी पाहिली, जमली नाही. मैलभर लांबून ऐकू आली तरी स्वयंपाकघरात मी म्हणायची, लॅकी वरच्या कुरणात पोचला.

आमच्या भागात तेव्हा दात दुखायला लागले की एकेक काढत बसत नसत. सगळेच काढायचे, कवळी बसवायची आणि मोकळं व्हायचं. लग्नाआधी मुलीचे दात काढून देणं ही चांगल्या आईबापांची रीत होती. माझे वरचे सगळे तेविसाव्या वर्षी गेले; दुखत त्यांतला एकही नव्हता. त्यामुळे १९५८च्या ऑक्टोबरात लॅकीचा गाल सुजला, आणि तो लवंग दाढेखाली धरून मेंढ्यांमागे फिरू लागला, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

"सगळे काढून टाक, लॅकी. मी दातांच्या डॉक्टरांना फोन करते. मीच गाडीनं नेते."

"एकच दुखतोय, मिसेस."

"आज एक, उद्या दुसरा. मी सांगते ते ऐक."

त्यानं ऐकलं. परत येताना तोंडाला रुमाल बांधलेला, आणि मांडीवर तंबाखूचा पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी धरलेला. डबा खुळखुळत होता.

"काय आहे त्यात?"

"माझंच आहे," तो रुमालातून म्हणाला.

कवळी सहा आठवड्यांनी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाशी उभा राहिला, टिब त्याच्या पायाशी. टिब म्हणजे त्याची काळी-पांढरी कुत्री, चार वर्षांची, आमच्या भागातली सगळ्यात शहाणी. लॅकीनं दोन बोटं तोंडात घातली आणि फुंकर मारली. नुसता वारा बाहेर आला. पुन्हा मारली. कवळी काढून मारली. टिब मान तिरपी करून त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली, आपलं काही चुकलं का अशा नजरेनं. मी कपडे वाळत घालत होते. मी तिकडे पाठ केली.

डेसनं दुकानातून पत्र्याची शिट्टी आणून दिली. ती ऐकली की टिब कान पाडून जमिनीला चिकटायची. हातांच्या खुणा ती समजायची, पण डोंगरावर कुत्रं कधी दिसतं, कधी नाही. आणि डोंगरावर हाक पोचवण्याइतका घसा लॅकीला कधी नव्हताच.

डिसेंबरात एके दिवशी जेवताना डेसनं विषय काढला. वाईट माणूस नव्हता माझा नवरा. ताट बाजूला सारून त्यानं बराच वेळ टेबलावरचे तुकडे बोटानं गोळा केले.

"लॅकी, जानेवारीत कोकरं आयांपासून तोडायची. सगळा कळप वरून खाली आणावा लागेल."

"आणू की, बॉस."

"टिब तुझं ऐकते का?"

लॅकीनं ताटातला बटाटा काट्यानं आणखी बारीक केला.

"एक लग्न झालेला पोरगा विचारतोय कामासाठी. फेब्रुवारीपासून. त्याला झोपडी लागेल. तुझ्या बहिणीची ड्युनेडिनला खोली रिकामी आहे म्हणालास ना?"

"भर रहदारीच्या रस्त्यावर आहे," लॅकी म्हणाला. "तिथे कुत्रं ठेवू देत नाहीत."

"हा कळप तुम्ही दोघांनी धड आणलात, तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही आणलात, तर मात्र—"

"मला घास भरवल्यासारखं सांगू नकोस, डेस. तुला भरवलेत मी घास. कळलं मला." एवढं मोठं वाक्य तो वर्षातून एकदा बोलायचा. उठून गेला.

मी भांडी घासत राहिले. ती शिट्टी मी काढून घेतली होती, माझ्या चांगुलपणानं.

पुढच्याच आठवड्यात मुली सुट्टीला घरी आल्या. फ्रॅन बारा वर्षांची, मी शिकले त्याच सिस्टरांच्या शाळेत राहणारी. नोरीन आठची, यंदा पहिलंच वर्ष. सुट्टी म्हणजे आमच्याकडे विश्रांती नसतेच. सकाळी घरच्या गायीचं दूध नोरीननं काढायचं, बाटलीवर वाढवलेल्या तीन कोकरांना फ्रॅननं दूध पाजायचं, दुपारी ओढ्याच्या डोहात पोहायचं, संध्याकाळी वाटाणे सोलायचे. आमचा नाताळ भर उन्हाळ्यात येतो; त्या दिवशी सावलीतसुद्धा लोणी वितळत होतं. लॅकीनं मेंढीचं मांस मागे सारून फक्त बटाटा आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचा मऊ केक खाल्ला, आणि मुलींना शिंगाच्या दोन गुंड्या दिल्या, स्वतः कोरलेल्या.

२८ डिसेंबरची माझी नोंद अशी आहे: 'वायव्येचा वारा सकाळी होता, दहाला पडला. अंडी नऊ. जर्दाळूच्या बावीस बाटल्या भरल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी शिट्टी.'

मी चुलीपाशी होते. लॅकी मागच्या पायरीवर मुलींबरोबर वाटाणे सोलत बसला होता. वारा पडलेला, उन्हाचाच आवाज येतो असं वाटावं इतकं सामसूम. तेवढ्यात डोंगराच्या वरच्या धारेवरून शिट्टी आली. 'पुढे चल.' आणि शेवटी ती थरथर.

मला नवल वाटलं नाही. मनात आलं, लॅकी वर पोचला. मग खिडकीतून त्याच्या डोक्याचा मागचा भाग दिसला, मांडीवर वाटाण्यांचं भांडं, दोन्ही हात शेंगांत. फ्रॅनचा हात भांड्यावरच थांबला होता. पायरीखालून टिब उठली आणि धारेच्या दिशेनं पळत सुटली.

"लॅकी," नोरीन म्हणाली, "ती तुझी शिट्टी आहे."

"वाटाणे सोल, पोरी."

"पण तू तर इथे आहेस."

"इथेच आहे," तो म्हणाला. जणू खात्री करून घेत होता.

टिब दोन तासांनी परत आली, दमलेली, खूश. दिवसभराचं काम करून आल्यासारखी.

डेस हसला. "मॅगपाय पक्षी असणार. ते नकला करतात. पाइनच्या झाडात जोडी आहे. चौतीस वर्षं ऐकतायत त्याची शिट्टी."

"मॅगपाय चौतीस वर्षं जगतात, बाबा?" फ्रॅननं विचारलं.

"त्यांचे बाप ऐकत होते, मग. तू सिस्टरांना असेच प्रश्न विचारतेस का? म्हणूनच प्रगतिपुस्तकात तसलं लिहिलंय."

शिट्टी पुन्हा ३१ला आली, आणि २ जानेवारीला. दर वेळी भर दुपारी, वारा नसताना. तीन तारखेला डेसनं बंदूक घेतली आणि पाइनमधले दोन्ही मॅगपाय पाडले. रिवाजाप्रमाणे कुंपणाच्या तारेला पायांनी उलटे बांधले. दोन दिवस काही ऐकू आलं नाही. तो लॅकीला म्हणाला, "बघ, तुझी शिट्टी तारेवर वाळत घातलीय," आणि लॅकीसुद्धा कवळी दाखवून हसला.

सहा तारखेला डेस गुरं पाहून आला, तेव्हा तो हसत नव्हता. बैल धारेवर होते, तिथल्या फाटकापाशी. तिथे वीज पडलेल्या जुन्या पाइनचा खुंट आहे. आमचे चाळीस तांबडे बैल त्या खुंटाभोवती अर्धा गोल करून उभे होते. चरत नव्हते. शेपट्यासुद्धा हलवत नव्हते. तोंडं खुंटाकडे. त्याला दगड मारून हाकलावे लागले.

आणि रविवारी, ११ जानेवारीला, आम्ही सगळे टेबलाशी असताना शिट्टी आली. लॅकी माझ्यासमोर बसला होता. तोंडात कुस्करलेला बटाटा. मी त्याच्या तोंडाकडेच पाहत होते, कारण सॉस लागला होता आणि सांगावं की नाही या विचारात होते. शिट्टी धारेवरून आली, लांब आणि स्वच्छ, आणि टिब दारातून निघून गेली. डेसनं सुरी खाली ठेवली. मॅगपायचं नाव कुणी काढलं नाही.

नोरीन म्हणाली, "दातांबरोबर शिट्टीपण बाहेर पडली ना? आता तिला आत जाता येत नाहीये."

"नोरीन!" मी ओरडले.

"मग! लॅकीनं दात तिथेच पुरलेत. मी पाहिलंय. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. तंबाखूच्या डब्यात. खुंटाखाली."

जेवणानंतर लॅकी माझ्याबरोबर भांडी पुसायला थांबला. तसा तो कधी थांबत नसे.

"माझ्या आजीनं वाढवलं मला," तो म्हणाला. "स्काय बेटावरची. माझे दुधाचे दातसुद्धा तिनं घराबाहेर पडू दिले नाहीत. म्हणायची, परक्या जागी टाकलेस तर तिथून तुला हाक येईल. म्हणून डॉक्टरकडून मागून घेतले, मिसेस. वर नेऊन पुरले."

"पण तू तर आपल्याच जागी पुरलेस."

"तेच तर. आपल्या जागी पुरले तर काय होतं, ते म्हातारीनं सांगितलं नाही."

"मग उकरून काढ."

त्यानं बशी दोनदा पुसली. "काढून कुठे नेऊ? ड्युनेडिनला?"

वीस तारखेला कळप खाली आणायचा होता. सुट्टीत घरातलं प्रत्येक माणूस त्या दिवशी डोंगरावर असतं. डेस दोन कुत्र्यांसह खालच्या घळीतून मागून येणार. लॅकी आणि टिब वरच्या अंगाला. मी धारेवरचं फाटक धरून. नोरीन खाली आवारात. समुद्राच्या बाजूला मागच्या हिवाळ्यात दरड कोसळून चाळीस पावलं कुंपण खाली गेलं होतं; तिथे सरळ कडा, खाली दगड आणि लाटा. त्या तुटीच्या तोंडाशी फ्रॅनला उभं केलं होतं, हात पसरून मेंढ्यांना आत वळवायला. दर उन्हाळ्यात कुणीतरी पोर असंच कुठल्या तरी खिंडारात उभं असतं. आम्हाला त्यात काही वाटत नसे.

सकाळ निरभ्र होती. लॅकी घोड्यावरून हातानं खुणा करत होता आणि टिब त्या वाचत होती. सहाशे मेंढ्या आणि त्यांची कोकरं डोंगरावरून दूध सांडावं तशी उतरत होती. पलीकडच्या उतारावरून डेसनं हॅट हलवली. मला वाटलं, जमलं. लॅकी राहतो.

मग समुद्रावरून धुकं आलं. आमच्याकडे ते येतं तेव्हा विचारून येत नाही. पाच मिनिटांत मला फाटकाला बांधलेल्या माझ्या घोड्याचे कान दिसेनात. मेंढ्यांचं ओरडणं चारही बाजूंनी येऊ लागलं. लॅकी घोडा सोडून पायी माझ्यापर्यंत आला. त्याचे हात आता टिबला कुठून दिसणार?

"बसून राहील ती," तो म्हणाला. "खूण नाही दिसली की बसते. धुकं जाऊ दे."

आणि शिट्टी आली. माझ्यापासून तीस पावलांवरून, खुंटाकडून.

'पुढे चल.'

इतक्या जवळून मी ती आयुष्यात ऐकली नव्हती. शेवटची थरथर माझ्या कवळीत जाणवली. खाली धुक्यात टिब उठली असणार, कारण सगळ्या खुरांचा आवाज एकदम बदलला. कळप चालू लागला. फाटकाकडे नाही. तुटीकडे.

"लॅकी, फ्रॅन आहे तिकडे!"

त्यानं बोटं तोंडात घातली. वारा. कवळी काढून गवतात फेकली, पुन्हा घातली. वारा. "टिब!" तो ओरडला, आणि तो आवाज चार हातांवर विरून गेला. शिट्टी पुन्हा आली. पुढे चल. पुढे चल. सहाशे मेंढ्या धावू लागल्या की जमीन पायाखाली गुणगुणते. मी पळायला लागले, पण कुठल्या दिशेनं ते मलाच ठाऊक नव्हतं. खुंटाला ठेचकाळून पडले.

म्हणून पुढचं मी जवळून पाहिलं.

लॅकी खुंटासमोर येऊन उभा राहिला. त्यानं हॅट काढली आणि दोन्ही हातांनी तिची कड धरून छातीशी घेतली, प्रार्थनेला उभं राहताना धरावी तशी. दात नसलेले ओठ आत गेलेले. तो अगदी हळू बोलला, आजारी जनावराशी बोलावं तसा.

"बास कर रे आता. ती डेसची पोर आहे. डेसला आपण पुढ्यात बसवून फिरवलंय ना? थांबव टिबला."

काहीच झालं नाही. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"मी कुठे जात नाही," तो म्हणाला. "तुला सोडून कुठे जाणार मी?"

तेव्हा 'थांब' आली. तो लांब सूर, शेवटी खाली उतरणारा, आणि थरथर. लॅकीचं तोंड मिटलेलं होतं. दोन्ही हात हॅटवर होते. मी हे शपथेवर सांगते.

खुरांचा आवाज थांबला. मग एक कोकरू ओरडलं, मग सगळीच.

धुकं पातळ झालं तेव्हा फ्रॅन तुटीच्या तोंडाशी उभी होती, कड्यापासून दोन हात अलीकडे, हात अजून पसरलेले, हॅट उडालेली. तिच्यासमोर मेंढ्यांची भिंत. कळप आणि कडा यांच्यामध्ये टिब पोटावर पडून, जीभ बाहेर. तीन मेंढ्या खाली गेल्या होत्या. तीनच.

डेस घळीतून धापा टाकत वर आला. आधी त्यानं फ्रॅनला उचललं. बारा वर्षांच्या लांबुळक्या पोरीला बाळासारखं. मग लॅकीकडे वळला. तोंडावर घाम की डोळ्यांतलं पाणी, कोण जाणे.

"लॅकी! अरे, परत आली की तुझी शिट्टी! खाली घळीत ऐकली मी!"

लॅकीनं गवतातली कवळी शोधून खिशात टाकली होती. त्यानं तोंड उघडलं. "बॉस, ती मी—"

"यानंच मारली," मी म्हणाले. "मी इथेच होते, डेस. याच्यापासून चार पावलांवर."

लॅकीनं माझ्याकडे पाहिलं. त्या पहिल्या सकाळी टिबनं त्याच्याकडे पाहिलं होतं ना, मान तिरपी करून, तसंच.

"मिसेस म्हणतायत तर," तो म्हणाला आणि हॅट घातली.

त्या लग्न झालेल्या पोराला डेसनं कळवलं की जागा नाही. आणि मी त्या दिवशी लिहिलं: 'पूर्वेचं धुकं. पाऊस नाही. अंडी सात. तीन मेंढ्या कड्यावरून गेल्या. लॅकीनं वेळेवर शिट्टी मारून कळप थांबवला.'

पापनिवेदनाच्या वेळी मी हे सांगितलं. फादरांनी विचारलं, "या खोट्यानं कुणाचं काही गेलं का?" मी म्हटलं, नाही. "कुणाला काही मिळालं का?" एका माणसाला त्याचं घर, म्हटलं. त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या, आणि आम्ही पाठवलेलं मटण छान होतं म्हणून डेसला निरोप दिला.

त्यानंतर साडेआठ वर्षं लॅकी डोंगरावर राहिला. सकाळी तो फाटकाशी उभा राही, दोन बोटं तोंडात घाली, आणि शिट्टी होई. लांबून पाहणाऱ्याला वाटे, जसा होता तसाच आहे. मी कपडे वाळत घालताना पाहायची. टिबचे डोळे लॅकीवर असत आणि कान धारेकडे. एकदा शिट्टी आधी आली आणि बोटं मागाहून गेली. त्यानं चटकन इकडेतिकडे पाहिलं. मी चादरीमागे होते. संध्याकाळी झोपडीत शिरताना तो धारेकडे वळून हॅटला बोट लावायचा, शेजाऱ्याला लावतात तसं.

मुली मोठ्या झाल्या. सुट्टीला येत, गायीचं दूध काढत, डोहात पोहत, एकमेकींचे स्कर्ट पळवत. त्या दिवसाबद्दल फ्रॅन कधी बोलली नाही, पण उन्हाळ्यात पहिला जर्दाळू ती लॅकीला नेऊन द्यायची, सोलून, बी काढून.

मी त्याला एकदाच विचारलं. १९६४, शेडमध्ये, पाऊस होता. "लॅकी, भीती नाही वाटत?"

"कसली, मिसेस? तो माझंच काम करतो."

"आणि तू गेल्यावर?"

त्यानं लोकरीचा पुंजका बोटांत फिरवला. "तेव्हा तो डबा माझ्याबरोबर ठेवा. एकटा ठेवू नका त्याला वर. एवढं करा."

१९६७च्या जुलैत, आमच्या ऐन हिवाळ्यात, नऊ तारखेला सकाळी मी खीर घेऊन झोपडीत गेले. तो खुर्चीत बसला होता, बूट घालून, नाड्या बांधून. शरीर गार झालं होतं. टिब आदल्या वर्षीच गेली होती. तिच्या पोटची कुत्री सुक दारात बसली होती.

डेस घरात फोन करत होता. मी कुदळ घेऊन एकटीच धारेवर गेले. सुक माझ्यामागे आली. गवतावर दहिवर गोठलं होतं, वारा अजिबात नव्हता. खुंटाखाली हातभर खणल्यावर डबा लागला. गंजला होता, पण झाकण घट्ट होतं. मी तो उचलला, आणि आत ते खुळखुळलं.

त्याच क्षणी शिट्टी आली. 'परत ये.' पाचांपैकी तीच मी आठ वर्षांत ऐकली नव्हती. थरथर स्वच्छ, दहिवरासारखी.

पण या वेळी ती धारेवरून आली नाही. ती माझ्या पाठीमागून आली, खालून, झोपडीतून.

सुकनं कान टवकारले आणि उतारावरून सरळ झोपडीकडे पळत सुटली. मी कुदळ तिथेच टाकली. डबा पदरात घ्यावा तसा एप्रनमध्ये धरून मी तिच्यामागे गेले. मी पळत होते असं आठवतं. भीतीनं नाही, उशीर होईल म्हणून. झोपडीत तो तसाच बसला होता. तोंड मिटलेलं. सुक त्याच्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती. मी डबा त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं. शिंगाचं होतं, त्यानंच कोरलेलं.

त्यानंतर धारेवर कुणी काही ऐकलं नाही. डेस गेला, मळा आता फ्रॅन आणि तिची मुलं पाहतात. खुंट कुजून बसला. कुंपण पुन्हा घातलंय.

आज मी एकोणसाठ सालची वही काढली, आणि लाल शाईनं, पट्टी धरून, ती ओळ खोडली. खाली जागा होती. तिथे लिहिलं:

'दुरुस्ती. शिट्टी खुंटापासून आली. लॅकीचे दोन्ही हात हॅटवर होते. पण थांबवलं त्यानंच.'